ऋण सोडणे : अरामी शब्द आणि मराठी पवित्र शास्त्र

मराठी पवित्र शास्त्रातले मार्काचे शुभवर्तमान सलग वाचत गेले, की मधेच काही शब्द वाचकाला थांबवतात. तलीथा कूम. एफ्फाथा. कुर्बान. अब्बा. एलोई, एलोई, लमा सबख्थनी. हे शब्द मराठी नाहीत, आणि ज्या ग्रीक भाषेत नवा करार लिहिला गेला त्या ग्रीकमधलेही नाहीत. मार्काने ते मुद्दाम जसेच्या तसे ठेवले आणि प्रत्येकापुढे ‘म्हणजे’ असे लिहून अर्थ सांगितला. येशू ज्या भाषेत बोलत होता त्या अरामी भाषेचे हे उरलेले तुकडे आहेत. मार्काने ते का ठेवले असावेत यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. मला सर्वांत साधे उत्तर पटते. ज्यांनी ते प्रत्यक्ष ऐकले त्यांच्या कानातून तो आवाज गेला नाही, आणि अर्थ सांगितला तरी आवाज सांगायचा राहतोच.

अरामी ही हिब्रूची सख्खी बहीण. अराम म्हणजे साधारण आजचा सीरिया. तिथल्या लोकांची ही बोली पुढे व्यापाराची, आणि इराणच्या हखामनी सम्राटांच्या काळात सरकारी कामकाजाची भाषा झाली. सिंधूपासून नाईलपर्यंत दप्तरे या भाषेत लिहिली जात. आपल्याला ती वाटते तितकी परकी नाही. सम्राट अशोकाने वायव्य सीमेवर जे लेख कोरवले त्यांतले काही अरामीत आहेत. कंदाहारला १९५८ साली सापडलेला लेख ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत आहे, आणि अशोकाच्या काळातली खरोष्ठी लिपीही अरामी लिपीवरूनच घडलेली आहे. यहुदी लोक बाबेलच्या बंदिवासातून परतले तेव्हा ही भाषा त्यांच्या तोंडी रुळली. जुन्या करारातल्या दानिएल आणि एज्रा या पुस्तकांचे मोठे भाग मुळात अरामीतच आहेत. येशू गालीलचा, म्हणजे उत्तरेकडचा. तिथली अरामी यरुशलेमच्या माणसाला वेगळी लागे. पेत्राने ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ म्हटले तेव्हा अंगणातल्या लोकांनी त्याला बोलण्यावरूनच पकडले. सोलापूरकडचा माणूस पुण्यात तोंड उघडताच ओळखू येतो, तसेच हे.

ग्रीक लिपीत ‘श’ नाही. म्हणून मूळचा ‘शबक्तनी’ हा उच्चार ग्रीकमध्ये ‘सबख्थनी’ झाला आणि मराठीत ‘श’ असूनही तो स घेऊनच आपल्याकडे आला. उलट ‘येशू’ हे नाव मराठीने ग्रीक ‘इएसूस’पेक्षा मूळ ‘येशूअ’च्या जवळ ठेवले. भाषांतराच्या वाटेवर काय गळेल आणि काय टिकेल याचा काही नेम नसतो.

मराठी वाचकाला या शब्दांकडे जायला एक जवळची वाट आहे. अरामी, हिब्रू आणि अरबी एकाच कुळातल्या. तिन्हींमध्ये शब्द तीन व्यंजनांच्या धातूंवर उभे राहतात, आणि अरबी शब्द फारसीच्या मार्गाने आपल्या दप्तरात, बाजारात आणि बखरींत येऊन बसलेले आहेत. मार्काच्या पाचव्या अध्यायात येशू याईराच्या मेलेल्या मुलीचा हात धरतो आणि म्हणतो, तलीथा कूम. यातला ‘कूम’ म्हणजे ‘ऊठ, उभी राहा’. याच क-व-म धातूपासून अरबीत जे शब्द झाले त्यांतले तीन आपण रोज वापरतो : कायम, मुक्काम आणि किंमत. कायम म्हणजे जे उभे आहे ते, मुक्काम म्हणजे जिथे उभे राहायचे ती जागा, आणि किंमत म्हणजे वस्तू ज्या मोलाला उभी राहते ते मोल. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी बारामतीनंतर पुढे इंदापूरला येते तेव्हा गावभर ‘मुक्काम’ हा शब्द ऐकू येतो. त्या मेलेल्या मुलीच्या कानात पडलेल्या शब्दाचा हा सख्खा चुलतभाऊ. ‘तलीथा’चा मूळ अर्थ लहान, कोवळी. कोकरासाठीही त्याच धातूचा शब्द आहे. आपल्याकडे आई लेकराला ‘माझं कोकरू’ म्हणते, ती माया त्यात आहे. व्याकरणाच्या नियमाने स्त्रीलिंगी आज्ञार्थ ‘कूमी’ हवा, आणि काही हस्तलिखितांत तो तसा आहेही. पण जुन्या आणि चांगल्या प्रतींत ‘कूम’ आहे. पुढच्या काळातल्या सुरियानी भाषेत, म्हणजे अरामीच्याच पूर्वेकडच्या साहित्यिक रूपात, हा शेवटचा ‘ई’ लिहितात पण उच्चारत नाहीत. तेव्हा मार्काने लिहिले ते कानाला ऐकू आले तसे लिहिले असे दिसते.

बहिऱ्या माणसाच्या कानात बोटे घालून येशू ‘एफ्फाथा’ म्हणतो, म्हणजे ‘मोकळा हो, उघड’. हाच धातू अरबीत फ-त-ह होतो आणि मराठीत ‘फत्ते’ म्हणून येतो. गड फत्ते झाला म्हणजे गडाचे दार उघडले. मत्तय हा जकातदार होता असे मराठी शास्त्र सांगते. हा ‘जकात’ शब्द अरबीतून आपल्याकडे आला, पण अरबीत तो अरामी ‘जाखूथा’वरून गेला असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तिथे त्याचा अर्थ पुण्य, निर्दोषपणा असा आहे. पुण्याचा शब्द नाक्यावरच्या वसुलीला लागला आणि नेमका त्याच वसुलदारासाठी शास्त्रात वापरला गेला. ‘कुर्बान’ तर मराठी भाषांतरात मूळ रूपातच उभा आहे. दानिएलाच्या पुस्तकात राजवाड्याच्या भिंतीवर उमटलेले ‘मने, मने, तकेल, ऊफारसीन’ हे शब्दही मुळात वजनांची आणि नाण्यांची नावे आहेत. त्यातल्या ‘मने’शी आपल्या ‘मणा’चे नाते जोडले जाते. राजाला न्याय सांगायचा तर देवाने तराजूची भाषा वापरली, हे मला फार बोलके वाटते.

अशा जोड्या जमवण्याचा छंद लागतो, आणि तो धोक्याचाही असतो. ‘मारानाथा’ हा शब्द पौलाच्या पत्रात येतो. मराठी कानाला त्यात ‘नाथा’ अशी हाक ऐकू येते आणि क्षणभर एकनाथांची आठवण होते. पण तिथे ‘नाथ’ नाही. ‘मारान’ किंवा ‘माराना’ म्हणजे आमचा प्रभू, आणि उरलेले ‘अथा’ किंवा ‘था’ म्हणजे आला आहे किंवा ये. शब्द कुठे तोडायचा यावर अर्थ ठरतो. आवाज जुळला म्हणजे नाते जुळत नाही.

‘अब्बा’चे तसेच. योआखिम येरेमियास या जर्मन पंडिताच्या लिखाणामुळे असे पसरले की अब्बा हा बाळबोलीतला शब्द, लहान मूल बापाला मारते ती हाक. प्रवचनांतून हे अजून ऐकायला मिळते. जेम्स बार यांनी १९८८ साली लेख लिहून दाखवले की हा शब्द मोठी माणसेही वापरत, तो नुसता बोबडा शब्द नव्हे. या वादात युरोपीय भाषांना अडचण येते, कारण त्यांच्याकडे एक बाळाचा शब्द असतो आणि एक औपचारिक शब्द असतो. मराठी माणसाला ही अडचण नाही. आमच्याकडे पन्नाशीचा मुलगाही वडिलांना ‘आबा’ म्हणतो, त्यात जिव्हाळा असतो आणि दबकाही असतो. ‘आबा’ आणि ‘अब्बा’ यांचे व्युत्पत्तीचे नाते मी सांगत नाही, असे शब्द जगभर स्वतंत्रपणे होतात. पण गेथशेमाने बागेत जमिनीवर पडून येशूने जी हाक मारली तिची पातळी समजायला ‘आबा’ पुरेसा आहे. प्रार्थना पुढे काय म्हणते ते पाहिले की पटते : हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी तुझ्या मर्जीप्रमाणे होवो. बाळ असे बोलत नाही. कर्ता मुलगा घरातल्या कर्त्या बापाशी असे बोलतो.

ही भाषा महाराष्ट्रात नुसती पुस्तकातून आलेली नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जातो असे लिहून ठेवले. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक मानतात. पर्शियाच्या त्या चर्चची उपासना सुरियानीत चाले. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा ते उतरले होते ते याच पूर्वेकडच्या चर्चच्या, नेस्टोरियन म्हणवल्या जाणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा धागा वेगळा. १८७४ साली पुण्यात छापलेली त्यांची हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री घरात वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह आहे. तिच्या सुरुवातीचा भाकरीचा मजकूर, ‘हा लहमा’, हिब्रूत नसून अरामीत आहे. दुःखाची ही भाकर, भुकेला असेल त्याने यावे आणि खावे, यंदा आम्ही गुलाम आहोत, पुढच्या वर्षी मोकळे असू, असा त्याचा आशय. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या छापखान्यात अरामी मजकूर आणि त्याचा मराठी अर्थ एकत्र छापला गेला होता.

आणि पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. कमी शिकलेल्या बायकांना कळावे अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. मिशनच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी ते छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. जुना करार मुळातून करायचा म्हणजे दानिएल आणि एज्रामधले अरामी भाग चुकत नाहीत. तेव्हा पुणे जिल्ह्याच्या या दुष्काळी पूर्वेकडच्या पट्ट्यात, केडगाव स्टेशनाजवळ, एका मराठी बाईने अरामी मजकुराशी झटापट केली होती. याची म्हणावी तशी नोंद आपण घेतलेली नाही.

आता ज्या दोन शब्दांसाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येतो. पहिला ‘होबा’. अरामीत होबा म्हणजे कर्ज, आणि होबा म्हणजेच पाप किंवा अपराध. दोन अर्थ नव्हेत, एकच शब्द. प्रभूच्या प्रार्थनेची मत्तयाची प्रत आणि लूकची प्रत शेजारी ठेवून पाहा. मत्तय ‘ऋणे’ म्हणतो. लूक ‘पापे’ म्हणतो, पण त्याच वाक्यात पुढे लगेच ‘ऋणी’ असा शब्द आणतो. ग्रीकमध्ये हा सांधा उघडा पडतो. मुळात ‘होबा’ असला तर सांधा राहतच नाही. शिमोन परूश्याच्या घरी पापी बाई येशूचे पाय आसवांनी भिजवते, आणि येशू त्याला गोष्ट सांगतो ती दोन कर्जदारांची, एकाचे देणे पाचशे दीनार आणि दुसऱ्याचे पन्नास. पापाचा विषय चालू असताना कर्जाची गोष्ट का, हा प्रश्न अरामी ऐकणाऱ्याला पडलाच नसता.

हे रूपक आहे असे आपण समजतो. मला शंका आहे. गालीलच्या कुळांना आणि मजुरांना कर्ज हे रूपक नव्हते. मोशेच्या नियमाप्रमाणे दर सातव्या वर्षी कर्जे सोडायची होती. त्यामुळे सातवे वर्ष जवळ आले की सावकार हात आखडता घेत. म्हणून हिल्लेल या धर्मगुरूने ‘प्रोझबूल’ नावाचा दस्त काढला, ज्यामुळे सातव्या वर्षानंतरही वसुली करता येई. हेतू गरिबाला कर्ज मिळावे हाच होता, पण सुटका गेली ती गेलीच. इसवी सन ६६ मध्ये यरुशलेममध्ये रोमविरुद्ध बंड पेटले, तेव्हा बंडखोरांनी आधी कशाला आग लावली ते योसेफस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. महायाजकाचे घर आणि राजवाडे जाळल्यावर ते दप्तरखान्याकडे वळले आणि सावकारांचे रोखे त्यांनी जाळून टाकले, म्हणजे वसुलीच होऊ नये.

हे वाचताना बारामती-इंदापूरकडच्या माणसाला दुसरी तारीख आठवते. १२ मे १८७५, गाव सुपे, तेव्हा भीमथडी तालुक्यातले आणि आज बारामती तालुक्यातले. बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने गाठली. माणसे मारणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना हवी होती कर्जखते आणि वह्या, आणि त्या हाती लागल्या की जाळल्या गेल्या. तिथून ही वणवण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरली. याची मुळे आमच्या इंदापुरापर्यंत येतात. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची सारापद्धती १८३६ साली पहिल्यांदा लागू झाली ती इंदापूर तालुक्यात, तीस वर्षांच्या कराराने. मुदत संपल्यावर फेरआकारणी झाली आणि सारा चढला. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, आणि सावकारांनी नवे कर्ज देणे थांबवले. सारा भरायला पैसा नाही, जुने खत फिरवून नवे करायचे, त्यात व्याज मुद्दल होऊन बसायचे. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मूळ हिशेब पाहण्याची मुभा दिली, ती या दंग्यानंतर. सुप्याच्या चौकात जे जळत होते त्याला अरामीत अचूक शब्द आहे : ‘श्टार होबा’, कर्जाचा दस्त. कलस्सैकरांच्या पत्रात पौल लिहितो की ख्रिस्ताने आपल्याविरुद्धचा दस्त वधस्तंभाला खिळून रद्द केला. सुरियानी भाषांतरात तिथे हाच शब्दप्रयोग आहे, ‘आमच्या कर्जांचा श्टार’. एकाने दस्त जाळला, एकाने खिळला. तुकोबांनी, परंपरा सांगते, घरच्या सावकारीतली आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. ज्याच्याकडे दुसऱ्यांची देणी लिहिलेली होती त्यानेच ती सोडली, म्हणून या तिन्हींत मला तुकोबांचे कृत्य प्रभूच्या प्रार्थनेच्या सर्वांत जवळचे वाटते. सुप्यात जाळणारे कर्जदार होते आणि यरुशलेममध्येही तेच. प्रार्थना मात्र आधी विचारते, तुमच्या ऋण्यांचे काय केलेत?

दुसरा शब्द ‘शबक’. हे क्रियापद म्हणजे सोडणे. आणि इथे मराठी कान फार कामाला येतो, कारण ‘सोडणे’चे जवळजवळ सगळे पदर शबकला आहेत. शिष्यांनी जाळी सोडली, तिथे सुरियानीत शबक. मुलांना माझ्याकडे येऊ द्या, अडवू नका, सोडा त्यांना, तिथेही शबक. ऋण सोडणे, शबक. अपराध सोडणे, म्हणजे क्षमा, तेही शबक. यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ‘कोल निद्रे’ म्हणतात. त्यात घेतलेल्या शपथांची सुटका करणारे शब्द ओळीने येतात, त्यांतला एक ‘शबीकीन’, सोडलेले. आणि सगळ्यांत चकित करणारा पदर घटस्फोटाचा. यहुदी काडीमोडाच्या दस्तात अरामी शब्द येतो तो ‘इग्गेरेत शबूकीन’. इग्गेरेत म्हणजे चिठ्ठी. शब्दाला शब्द ठेवला तर मराठीत होते ‘सोडचिठ्ठी’. मृत समुद्राजवळच्या वादी मुरब्बात इथल्या गुहांत अशी एक अरामी सोडचिठ्ठी सापडली, येशूनंतरच्या काळातली, आणि तिच्यातही नवरा स्वखुशीने ‘सोडतो’ म्हणतो तेव्हा हेच क्रियापद आहे. कोणी कोणाचे भाषांतर केलेले नाही. दोन शेतकरी समाजांनी आपापल्या वाटेने सोडण्याची तीच कल्पना केली. पाट सोडणे, आवर्तन सोडणे, हक्कावर पाणी सोडणे, बैल सोडणे, नवऱ्याने सोडलेली बाई, देणे सोडून देणे : निरा डाव्या कालव्याच्या भिजत्या पट्ट्यात आणि त्याच्या बाहेरच्या कोरड्या माळावर हा शब्द दिवसातून कितीदा तरी उच्चारला जातो, प्रत्येक वेळी वेगळ्या वजनाने.

आता वधस्तंभाकडे पाहा. लूक सांगतो की येशूने आपल्याला खिळणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. सुरियानी शास्त्रात तिथे शब्द आहे ‘शबूक’, म्हणजे सोड त्यांना. मार्क आणि मत्तय सांगतात की नवव्या तासाला तो ओरडला, माझ्या देवा, तू मला का सोडलेस. तिथे शब्द आहे शबक्तनी. तेच क्रियापद. ज्याच्याजवळ त्याने मारेकऱ्यांसाठी ‘सोड’ म्हटले, त्याने त्यालाच सोडले. गरीब कर्जदाराला सावकाराने सोडले म्हणजे आनंद. बायकोला नवऱ्याने सोडले म्हणजे उन्हात उभी केली. एकाच शब्दाची ही दोन टोके आहेत आणि त्या दुपारी ती एकाच तोंडातून निघाली. आमच्या प्रचलित मराठी भाषांतरात प्रभूच्या प्रार्थनेत ऋण ‘सोड’ असे सुंदर ठेवले आहे. पण वधस्तंभावरच्या पहिल्या वाक्यात ‘क्षमा’ आहे आणि शेवटच्या हाकेत ‘त्याग’ आहे. दोन्ही शब्द संस्कृत, दोन्ही निर्मळ, आणि दोघांत काही नाते आहे असे कानाला कळत नाही. ‘त्याग’ तर मराठीत गौरवाचा शब्द आहे. देशासाठी त्याग करतात, संसाराचा त्याग करतात. कोणी टाकून दिलेले माणूस ‘माझा त्याग केला’ म्हणत नाही, ‘मला सोडलं’ म्हणते. भाषांतरकारांना दोष देण्याचा हेतू नाही, त्यांच्यासमोर ग्रीक होते आणि ग्रीकमध्ये या दोन ठिकाणी दोन वेगळी क्रियापदे आहेत. पण मराठीत शबकला जोडशब्द होता आणि आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

इथे तारतम्य ठेवायला हवे. सुरियानी शास्त्र हे ग्रीकवरून झालेले भाषांतर आहे, येशूच्या मूळ बोलण्याची ध्वनिफीत नव्हे. लूकमधले ते क्षमेचे वाक्य काही जुन्या आणि चांगल्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. त्यामुळे दोन्ही ठिकाणी येशूने शबकच म्हटले असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की अरामी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाने शतकानुशतके ते तसे ऐकले. उलट बाजूचा उत्साहही आवरावा लागतो. विसाव्या शतकात जॉर्ज लम्सा यांनी आपल्या इंग्रजी भाषांतरात सबख्थनीचा अर्थ ‘यासाठीच मला राखले होते’ असा लावला, आणि तो अनेक भाविकांना आवडतो, कारण देवाने सोडले ही अडचण मग राहत नाही. पण अर्थ सांगणारा पहिला माणूस मार्क आहे, आणि त्याने तिथे ग्रीकमध्ये ‘सोडून दिलेस’ असेच लिहिले. ही हाक बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे. तिथल्या हिब्रू शब्दाचा अर्थ टाकून देणे असाच आहे, आणि यहुद्यांनी स्तोत्रांचे अरामी भाषांतर केले त्यातही तिथे शबकच आहे. एका प्राचीन ग्रीक प्रतीत लेखनिकाने अरामी शब्द काढून हिब्रू शब्द घातला, म्हणजे त्यालाही हे त्या स्तोत्राचेच वाक्य आहे हे ठाऊक होते. अडचण भाषेने आणलेली नाही, ती तिथे होतीच. अरामी शिकून ती जात नाही, जास्त जवळ येते.

उत्तम शुक्रवारी दुपारी मराठी चर्चमधून वधस्तंभावरचे सात उद्गार ओळीने वाचले जातात. पहिला क्षमेचा, चौथा सोडल्याचा. मधल्या दोन उद्गारांत शेजारच्या चोराला आणि आईला दिलेली आश्वासने आहेत. कल्याणला १९८८ साली सिरो-मलबार पंथाचा धर्मप्रांत झाला. कॉस्मसने जिथे पर्शियाचा बिशप पाहिला त्याच गावाचे नाव पुन्हा सुरियानी परंपरेच्या धर्मप्रांताला लागले. या पंथाची केरळी कुटुंबे मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत. त्यांची रोजची उपासना आता बहुतेक मलयाळममध्ये होते, तिला नाव मात्र अजून ‘कुर्बाना’ असेच आहे. पण प्रभूची प्रार्थना सुरियानीत गायची चाल अजून मोडलेली नाही, आणि तिच्या मध्यावर ‘होबा’ आणि ‘शबक’ शेजारी शेजारी येतात.